रेहाना, तो आवाज कोणता होता?

रेहाना,

सगळे म्हणतायत, तुला ऐकू आलं नाही.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोखाली सापडून कर्णबधिर शिक्षिकेचा मृत्यू. तुझं नाव थेट दुसऱ्या वाक्यात. आधी बहिरी, मग शिक्षिका, मग रेहाना. तू तो पेपर माझ्यापुढे आपटला असतास आणि म्हणाली असतीस, "मनी, ह्यांना फोन लाव. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झालेली मला तुझ्याआधी कळते म्हणावं."

टेम्पोवाल्याच्या जबाबातही तेच आहे. बॅक हॉर्न वाजत होता, बाईंनी ऐकला नाही. तुझ्या दारात बसायला आलेल्या बायका तेच बोलत होत्या. माझी आई पारनेरहून फोनवर म्हणाली, "बिचारी. ऐकू आलं असतं तर वाचली असती गं." मी फोन ठेवून दिला. आईवर राग कशाचा आला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

ती बातमी मला कळली तेव्हा मी वर्गात होते. आपल्याच वर्गात, मोबाईलच्या दुकानावरच्या त्या खोलीत, जिथे भिंतीला तू लावलेला जपानी अक्षरांचा तक्ता अजून एका बाजूने सुटलेला आहे. वैशालीचा फोन आला. काष्टीची वैशाली, जिला जपानला पाठवा म्हणून तिच्या वडिलांना समजवायला तू त्या दिवशी गेली होतीस. ती नुसती हुंदके देत होती. "मॅडम, रेहाना मॅडमला टेम्पोनं... मॅडम, त्या बोलत न्हाईत."

मी म्हटलं, "बरं. तिला फोन दे."

ती रडतच राहिली. मी चिडले. "अगं रडतेस काय? तिला फोन दे ना."

तू कधी फोनवर बोलत नाहीस, तुझं सगळं लिहून चालतं, एवढंसुद्धा मला त्या क्षणी आठवलं नाही. काय झालंय ते मला तुझ्याकडूनच कळायला हवं होतं. समोर मुलं-मुली वह्या उघडून बसलेली. मी खडू खाली ठेवला, परत उचलला, अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण लिहिलं आणि मग म्हणाले, "आज एवढंच." ते वाक्य मी का पूर्ण केलं, देव जाणे.

त्याच्या थोडाच वेळ आधी तुझा मेसेज आला होता. 'हो म्हणाले!!! आता बाजारातली भेळ खाते आणि निघते. तुला बांधून आणू?' मी उत्तर दिलं होतं, 'आण. तिखट.' तुझ्या भावाच्या, सलीमभाईंच्या गाडीत मागच्या सीटवर बसून सरकारी दवाखान्याकडे जाताना मी तो मेसेज पुन्हापुन्हा उघडून बघत होते. ज्या बाईने तीन उद्गारचिन्हं टाकलीत, तिला काय होणार आहे, असं काहीतरी डोक्यात चाललेलं.

तुझ्या चेहऱ्याला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ओढणीला शेव चिकटलेली होती. मी ती एकेक काढत बसले. नर्स म्हणाली, "ताई, राहू द्या." मी म्हटलं, "तिला नाही आवडत कपड्यांना काही लागलेलं." नर्सने मला काढू दिली.

नर्सने सलीमभाईंकडे तुझी पर्स दिली. त्यांनी ती उघडली, तर आत ती छोटी निळी डबी. डबीत तुझं कानाचं मशीन. ते तिथे फरशीवरच खाली बसले. एवढा मोठा माणूस, नगरच्या बाजारात ज्याचं दुकान, ज्याच्या आवाजाला सगळी गल्ली घाबरते. "घाल म्हणून किती सांगितलं हिला," ते म्हणाले. "किती सांगितलं."

आणि घरी अम्मी. अम्मी रडत नव्हत्या. जो येईल त्याला एकच विचारत होत्या. "उसकू सुनाई नई दिया क्या?" कोणी म्हणे, अल्लाची मर्जी. कोणी नुसतं मान हलवे. अम्मी पुन्हा पुढच्याला विचारायच्या. जनाजा निघाला, पुरुष गेले, आम्ही बायका आत राहिलो, तेव्हाही त्यांनी माझा हात धरून तेच विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "बुखार था उसकू. मैं दो रोज घर में रखी. देर मैंने की."

तुझ्या लहानपणचा तो ताप, रेहाना. त्या तापाने तुझे बारीक आवाज नेले, आणि आता अम्मींच्या हिशेबात त्याच तापाने तुलाही नेलं. इतक्या वर्षांपूर्वी दवाखान्यात न्यायला झालेल्या उशिराने काष्टीच्या बाजारात माणूस मारता येतो, हे त्यांनी मनात जोडून ठेवलं होतं. तुझ्या अम्मी जेवत नव्हत्या. झोपत नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या आणि दाराकडे बघायच्या.

मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. कारण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, की तुला ऐकू आलं नसेल.

तुझे बारीक आवाज. ह्याबद्दल तू पहिल्यांदा मला सांगितलंस ते जपानीच्या वर्गात. आपण दोघी शिकत होतो तेव्हा. तू पहिल्या बाकावर बसायचीस, बाईंच्या ओठांकडे एकटक बघत. मला वाटायचं, काय हुशारी दाखवते ही. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं की जपानीत 'सि' हा उच्चार नाही, तिथे 'शि' म्हणतात. तू वळून मला म्हणालीस, "ही भाषा माझ्यासाठीच केलीय." मला कळलं नाही. मग मधल्या सुट्टीत चहा पिताना तू सांगितलंस, की 'स' तुला ऐकूच येत नाही. लहानपणी तू भावाला शलीम म्हणायचीस आणि सगळे हसायचे. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. माणसाचं बोलणं अर्धं कानाने आणि अर्धं ओठांवरून.

पुढे एकदा बाई आवाजांचे शब्द शिकवत होत्या. जपानीत ते ढिगाने आहेत. पावसाचे, पायांचे, पोटात कावळे ओरडतात त्याचे. सगळा वर्ग पेंगत होता. बाई म्हणाल्या, मायक्रोवेव्हचा आवाज 'चिन', आणि जेवण गरम करायचं असेल तर तिथे लोक सरळ 'चिन कर' म्हणतात. वर्ग हसला. तू हात वर केलास.

"बाई, मायक्रोवेव्ह बोलतो?"

पुन्हा हसले सगळे. त्यांना वाटलं तू गंमत करतेयस. मी तुझ्या शेजारी होते. मी तुझा चेहरा बघितला. तुला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आपण बसस्टँडपर्यंत चालत गेलो आणि तू मला वाटेतलं प्रत्येक यंत्र दाखवून विचारत होतीस. हे बोलतं? हे? एटीएम बोलतं, हे तुला माहीत नव्हतं. थर्मामीटर बोलतो, हे माहीत नव्हतं. "मग मी घरी त्याच्या काचेतल्या आकड्याकडे बघत का बसते गं?" तू म्हणालीस. एक बटण दाबलं की एक आवाज येतो, हे तुझ्या लक्षात आल्यावर तू रस्त्यातच थांबलीस. म्हणालीस, "म्हणजे तुम्हाला उत्तर मिळतं. मी नुसती दाबते."

मी तुला तो आवाज सांगायला गेले आणि मला सांगता येईना. मराठीत 'असाच, बारीकसा' म्हटलं. 'टीं' म्हटलं. 'टिंग' म्हटलं. तू म्हणालीस, "टीं की टिंग? नीट सांग." शेवटी मी बाईंनी शिकवलेले शब्द काढले. बटण दाबल्यावरचा तोडून टाकल्यासारखा 'पि'. थर्मामीटरचा 'पिपि, पिपि'. काहीतरी बिघडलंय म्हणून ओरडणारा लांब 'पीऽऽ'. दारावरच्या बेलचा 'पिन्पोन'. फोन थरथरतो तो 'बूऽ'. झेरॉक्सचं मशीन जागं होतं ते 'उईऽन'. तू एकेक शब्द ओठांवर घेऊन बघत होतीस, नव्या चपला घालून बघतात तसे.

तेव्हापासून तो आपला उद्योगच झाला. बँकेत टोकनचं मशीन, पेट्रोल पंप, दुकानातलं बारकोडचं यंत्र. तू भुवई उडवायचीस, मी ओठांनी सांगायचे. लोक बघायचे, दोन बायका काउंटरपुढे पि पि काय करतायत.

एक शोध मात्र तुझा होता. तू म्हणालीस, ह्यांच्यात 'प' चे शब्द बारीक आवाजांना आहेत आणि 'ब' चे जाड आवाजांना. फ्रिजची घरघर 'बूऽन', ती तुला येते. फोनची थरथर 'बूऽ', ती हाताला कळते. "म्हणजे 'ब' माझा आणि 'प' तुझा." मी पुढे हे आपल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, साधारण तसंच आहे. तू दिवसभर मिरवत होतीस.

आणि आपली भांडणं. मराठी काही कमी नाही, असं मी म्हणायचे. खडखड, घरघर, धडधड, कुरकुर, ठणठण, किती सांगू? तू शांतपणे म्हणालीस, "ते सगळं मला ऐकू येतं, मनी. जे येत नाही, नेमका त्यालाच तुमच्याकडे शब्द नाही." त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. मी शोधतेय. तू निघून गेलीस म्हणून हे भांडण तू जिंकलंस असं मी मानणार नाही.

दुसरं भांडण वर्गातलं. आपण दोघींनी वर्ग सुरू केला तेव्हापासूनचं. आपल्याकडच्या मुली जपानला म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला जातात, मुलं कारखान्यात जातात. तू म्हणायचीस, पहिल्या आठवड्यात आवाज शिकवू, व्याकरण नंतर. तिथे कोणी त्यांना 'यंत्राचा इशारा झाल्यास' असं पुस्तकी थोडंच सांगणार आहे, 'पीऽ झालं की मला हाक मार' असंच सांगणार. मी म्हणायचे, परीक्षेत येत नाही. मग एकदा तिकडे गेलेल्या एका मुलीचा मेसेज आला, पहिल्याच दिवशी तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला अगदी तसंच सांगितलं होतं. फोन माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलास आणि फळा पुसायला गेलीस. मी म्हटलं, "एका मुलीवरून काही ठरत नाही." तू पाठमोरी होतीस. तुला ऐकू आलं नसणार. पण तू हसलीस, हे तुझ्या खांद्यांवरून मला कळलं.

आणि ते मशीन. सलीमभाईंनी हौसेने आणलेलं. पहिल्या दिवशी तू ते घालून वर्गात आलीस आणि ते शिट्टी मारायला लागलं. कानात नीट बसलं नव्हतं. सगळा वर्ग इकडेतिकडे बघतोय आणि तू एकटी शांतपणे क्रियापदं शिकवतेयस, कारण तुझ्या स्वतःच्या कानातली शिट्टी सोडून तुला सगळं ऐकू येत होतं. मी खूण केली. तू विचारलंस, "कोणता?" मी म्हटलं, "पीऽऽऽ." तू ते काढून टेबलावर ठेवलंस आणि पोरांना म्हणालीस, "हे बघा, जिवंत उदाहरण." पोरं हसून लोटपोट. वर्गात तू ते पुढे वापरलंस, पण रस्त्यावर कधीच घातलं नाहीस. सगळा गोंगाट एकदम अंगावर येतो, काय कुठून येतंय ते कळत नाही, त्यापेक्षा डोळे बरे, असं तुझं म्हणणं. आणि खरंच, रस्ता ओलांडताना तुझ्याइतकं मागेपुढे बघणारं माणूस मी पाहिलं नाही. माझा दंड धरून तू मला किती वेळा मागे ओढलंयस. मला, जिचे कान चांगले आहेत तिला.

हे मला आठवलं तेव्हा मी तुमच्या घरात, अम्मींच्या शेजारी बसले होते. आठवलं आणि मी तशीच उठले.

खरं सांगू? टेम्पोवाला खोटं बोलतोय असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. इतकी वर्षं तुला न येणारा प्रत्येक आवाज मी तुला सांगत आले. हा शेवटचा राहिला होता. काही टेम्पो मागे येताना 'पीप पीप' करतात, काही गाण्याची चाल वाजवतात, काहींमधून एक बाई बोलते. तुझ्या मागे कोणता होता? मला तो माहीत करून घ्यायचा होता. येडेपणा आहे, कळतंय मला. त्या दिवसांत तेवढं एकच काम मला करण्यासारखं वाटत होतं. मी काष्टीची एसटी धरली.

वैशालीचे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, टोपी नीट केली, आत पाणी आणायला सांगितलं. वैशाली पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता भिंतीशी उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

मी म्हटलं, "आप्पा, एकच विचारायला आलेय. तुम्ही होतात ना तिच्यासोबत?"

"व्हय. एसटीपर्यंत सोडवाया निघाल्तो."

"मग मला एवढंच सांगा. त्या टेम्पोच्या बॅक हॉर्नचा आवाज कसा होता?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग उंबऱ्याकडे. "कसला आवाज?"

"रिव्हर्स घेताना वाजतो तो. कसा वाजत होता? टुई टुई, का गाणं होतं?"

ते उंबऱ्याकडेच बघत राहिले. मला वाटलं त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला असेल, म्हणून मी समजावू लागले, की आम्हा दोघींची अशी सवय होती, तिला न येणारे आवाज मी सांगायचे. तेव्हा वैशाली भिंतीपाशीच म्हणाली, "आप्पा, सांगा की."

"तू गप बस."

"न्हाई बसनार. तुमी सांगता का मी सांगू?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तिची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आवाज न्हवताच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या टेम्पोचा बॅकचा हॉर्न लई दिवस बंद हाय. आक्ख्या बाजाराला म्हाईत हाय. चालवनारं पोरगं आमच्या भावकीतलं. माज्या चुलतभावाचं. त्या दिशी समद्यांनी येऊन सांगितलं, आप्पा, झालं ते झालं, बाईला तसंबी ऐकाया येत न्हवतं, आपल्या पोराचं कशाला वाटुळं करायचं." त्यांनी टोपीची घडी दाबली. "आन मी गप ऱ्हायलो."

ओट्यावर उन्हाची तिरीप आली होती. मी तिच्याकडे बघत बसले.

"मी त्यांच्या बाजूलाच हुतो, मॅडम. हातभर अंतरावर. त्या भेळ खात हुत्या. मी त्यास्नी इचारत हुतो, तिकडं पोरीला भाकरी मिळंल का. त्या माज्या तोंडाकडं बघत हुत्या, कळावं म्हनून. आन त्यो मागनं आला. माजे दोनी कान धड हायेत. मला तरी कुटं ऐकाया आलं? त्या पडल्या तवा मी मागं बघितलं."

रेहाना, मी तिथे रडले नाही. मी आवाज विचारायला गेले होते. आवाज नव्हता. इतका साधा जबाब, आणि तो ऐकून मला जे झालं ते तुझ्या बातमीनेही झालं नव्हतं. आठवडाभर सगळी दुनिया तुझ्या कानांना बोल लावत होती, मीसुद्धा त्यांच्यातच, आणि तुझ्या कानांपर्यंत यायला तिथे काही नव्हतंच.

आप्पांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "मी बोलत हुतो म्हनून त्या माज्याकडं बघत हुत्या. न्हाईतर त्यास्नी टेम्पो दिसला आसता. ते माज्याच माथी हाय, मॅडम." मी म्हटलं, माणूस बोलतो तेव्हा समोरचा त्याच्याकडेच बघतो, आप्पा. ऐकू येणारा असो नाहीतर नसो. ते मी त्यांच्यासाठी म्हटलं. पण तुझं ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू कोणाचं बोलणं अर्धवट सोडायची नाहीस. भाकरीच्या प्रश्नाचं तू काय उत्तर दिलंस, हे मला आप्पांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

निघताना मी म्हटलं, "तिच्या आईला वाटतंय की त्यांच्यामुळे ती गेली. लहानपणी ताप आला, त्यांनी उशीर केला, म्हणून कान गेले, म्हणून हे झालं. मी जाऊन सांगेन हो त्यांना. पण मी तिची मैत्रीण. त्यांना वाटेल, मन राखायला सांगतेय." एवढं बोलून मी एसटीकडे आले. जबाब बदला, पोलिसांत जा, असं काही मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, ह्यावर तू नक्की वाद घातला असतास.

आप्पा आले. दोनएक दिवसांनी, दुपारी, वैशालीला घेऊन. आधी पोलीस ठाण्यात जाऊन, नवा जबाब देऊन आले होते. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, वैशालीने मला जिन्यात सांगितलं. भावकीतलं कोणी आता त्यांच्याशी बोलत नाही, चुलतभावाने दारात येऊन शिव्या दिल्या, हेही तिनेच सांगितलं.

तुमच्या बाहेरच्या खोलीत अम्मी भिंतीला टेकून बसलेल्या. सलीमभाई उठून उभे राहिले. आप्पा उंबऱ्याच्या आत येऊन खालीच बसले, कितीही म्हटलं तरी खुर्चीवर बसले नाहीत.

अम्मींनी त्यांनाही तेच विचारलं. "उसकू सुनाई नई दिया क्या?"

आप्पांना हिंदी धड येत नाही. पण त्यांना कळलं. ते म्हणाले, "अम्मी, ऐकाया काय न्हवतंच. हॉर्न बंद हुता. वाजलाच न्हाई."

अम्मींनी भिंतीचा टेका सोडला.

"मी बाजूला हुतो. मला न्हाई आलं ऐकाया. कुनालाच न्हाई आलं."

सलीमभाई ताडकन पुढे झाले. "मग इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" ते ओरडलेच. त्यांचा तो दुकानातला आवाज. वैशाली दचकून माझ्यामागे सरकली. आप्पांनी मान खाली घातली, म्हणाले, "भ्यालो हुतो." सलीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांची पाठ हलायला लागली. निळ्या डबीपासून दाबून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं.

अम्मींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या गुडघ्यांवर सरकत आप्पांच्या जवळ आल्या. "बिल्कुल नई बजा?"

"न्हाई, अम्मी."

"कसम से?"

"पोरीची शपत." त्यांनी वैशालीकडे हात केला.

अम्मी पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "नई बजा." मग तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पदराआडून त्या काहीतरी पुटपुटत होत्या, मी कान लावला तर एवढंच होतं, "बुखार से नई गई. मेरी बच्ची बुखार से नई गई."

आप्पा जायला उठले, तेव्हा अम्मींनी त्यांना थांबवलं. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या. सलीमभाईंनीच पाट मांडला. अम्मींनी वैशालीच्या ताटात स्वतः वाढलं आणि तिला विचारलं, "जाती ना तू जपान?" वैशालीने वडिलांकडे बघितलं. तुझ्या जाण्यानंतर त्यांचा होकार टिकला आहे की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती. आप्पा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्यास्नी मी शबूद दिला हाय. जानार ती."

ते दोघं गेल्यावर अम्मी तिथेच चटईवर आडव्या झाल्या आणि बघता बघता त्यांना झोप लागली. तोंड थोडं उघडं, एक हात उशाखाली. सलीमभाईंनी पंखा वाढवला, दार लोटून घेतलं. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. काम झालं होतं. मी फोन काढला. तुझं नाव वरच होतं. लिहिलं, 'अम्मी झोपल्या. सलीमभाई पण ठीक. पोरीचं पक्कं झालं, आप्पा तयार आहेत, तू उगीच काळजी'

इथपर्यंत लिहिलं, रेहाना, आणि माझी बोटं थांबली. इतके दिवस मी तू कशी गेलीस एवढंच विचारत फिरत होते. तू गेलीस, हे मला त्या चटईशेजारी, भर दुपारी, पहिल्यांदा कळलं.